कॉमिक्समधली बास्त देवी आणि आपली सटवाई

आजची गोष्ट जरा वेगळी आहे. घरातली लेकरं हल्ली मोबाईलवर 'ब्लॅक पँथर' नावाचा सिनेमा बघतात. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, बोटांना नखं आणि मांजरासारखी उडी. हा पँथर ज्या देवीला मानतो तिचं नाव बास्त. लेकरं विचारतात, "आजी, ही देवी खरी आहे का?" आजी म्हणते, "मला काय ठाऊक, तुमचं तुम्ही बघा." पण आम्हाला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर आजीलाच सगळ्यात चांगलं देता येईल. ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

आधी सिनेमातली देवी बघू. ब्लॅक पँथर हे अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समधलं, म्हणजे चित्रकथेतलं पात्र. स्टॅन ली आणि जॅक किर्बी या दोघांनी ते १९६६ साली तयार केलं. आफ्रिकेत वकांडा नावाचा देश आहे, असं या गोष्टीत मानलेलं आहे. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. तिथला राजा काळ्या बिबट्याचं रूप घेऊन देशाचं रक्षण करतो. सुरुवातीच्या गोष्टींत नुसताच 'पँथर देव' होता. पुढच्या लेखकांनी त्याला इजिप्तच्या जुन्या मांजरदेवीचं नाव दिलं, बास्त. २०१८ साली सिनेमा आला. त्यात सुरुवातीलाच सांगितलं आहे, की बास्त देवीने एका योद्ध्याला एक वनस्पती दाखवली, ती खाऊन त्याच्या अंगात बळ आलं आणि तो पहिला ब्लॅक पँथर झाला.

आपल्या मराठवाड्यात 'पँथर' म्हटलं की आधी दलित पँथर आठवते. म्हणून एक खुलासा करतो. कॉमिक्समधला ब्लॅक पँथर आला जुलै १९६६ मध्ये. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष निघाला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. त्या पक्षावरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. चित्रकथा वेगळी आणि चळवळ वेगळी. पण काळ्या माणसाला राजा आणि नायक दाखवणारी गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या लेकरांना का आवडली असेल, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

आता खरी बास्त कोण, ते बघू. इजिप्तमध्ये नाईल नदी समुद्राला मिळते तिथल्या सुपीक भागात बुबास्तिस नावाचं गाव होतं. तिथे हजारो वर्षं बास्तची पूजा चालायची. फार जुन्या काळी तिचं तोंड सिंहिणीचं दाखवत. पुढे ती हळूहळू मांजर झाली. आपण म्हणतोच ना, मांजर ही वाघाची मावशी. इजिप्तच्या लोकांनी मावशीला देव्हाऱ्यात बसवलं, इतकंच.

मांजराचाच मान का? तर धान्यामुळे. नाईलच्या काठी गहू आणि सातू भरपूर पिकायचा. धान्याच्या कोठारात उंदीर, आणि उंदरामागे साप. ज्या घरात मांजर, त्या घरातलं धान्य शाबूत. कणगीत ज्वारी साठवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. घरातलं मांजर मेलं तर इजिप्तमधली माणसं भुवया काढून सुतक पाळत, असं हेरोडोटस नावाच्या ग्रीक प्रवाशाने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

बास्तचं दुसरं काम त्याहून मोठं होतं. ती बायांची आणि लेकरांची देवी होती. तिच्या जुन्या कांस्य मूर्ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. एका हातात खुळखुळ्यासारखं वाद्य, कोपरात अडकवलेली टोपली आणि कधी कधी पायाशी मांजराची पिल्लं. मूल व्हावं, झालेलं जगावं, म्हणून बाया पिल्लांसह बसलेल्या मांजरीचा ताईत जवळ ठेवत. तिच्या जत्रेचं वर्णनही हेरोडोटसने केलं आहे. नावा भरभरून माणसं जायची, बाया तो खुळखुळा वाजवायच्या, गायच्या, आणि काठावर गाव लागलं की नाव जवळ नेऊन तिथल्या बायांची मोठमोठ्याने थट्टा करायच्या. वर्षातून एक दिवस का होईना, मोकळं बोलायची सोय त्या देवीने करून ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, कुठे इजिप्त आणि कुठे आपला जालना जिल्हा! पण हे अंतर आपल्या पूर्वजांनी कधीच कापलं होतं. आपल्या भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात ते मोठं व्यापारी गाव होतं. तिथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंती बाईची एक कोरीव मूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहरात मिळाली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचलेली होती. आपल्याकडचा माल तेव्हा पश्चिमेच्या बंदरांतून जहाजाने इजिप्तला जायचा आणि तिथून नाईलमार्गे रोमला. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं त्या काळचं बंदर आहे. तिथे पाळीव प्राण्यांची दफनभूमी सापडली. त्यात पाचशेहून जास्त मांजरं पुरलेली होती, काहींच्या गळ्यात पट्टे आणि मणी होते. आणि त्यांच्याजवळ कोण होतं? भारतातून जहाजावर चढून गेलेली माकडं! बास्तच्या देशात आपलं माकड मांजराशेजारी झोपलेलं आहे.

माकडावरून आठवलं. त्याच ब्लॅक पँथर सिनेमात डोंगरात राहणारी एक टोळी आहे. ते लोक बास्तला मानत नाहीत, वानरदेवाला मानतात. त्यांचा सरदार त्या देवाचं नाव घेतो, हनुमान! आपल्याकडे सिनेमा लागला तेव्हा सेन्सॉर बोर्डाने तो शब्द ऐकू येणार नाही असा करायला लावला. बघा, गोष्ट लिहिणारे कुठून कुठून देव उचलतात. बास्त इजिप्तची, हनुमान आपला, आणि दोघांना नेऊन बसवलं आफ्रिकेतल्या मनातल्या देशात.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे का? देव चित्रकथेत जाणं आपल्याला नवं नाही. मुंबईहून १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली आणि कितीतरी मुलांना कृष्ण, राम, शिवाजी महाराज आधी चित्रांतून भेटले. देवाबरोबर प्राणी असणंही नवं नाही. राजूरच्या गणपतीपुढे उंदीर आहे. अंबडची मत्स्योदरी ज्या टेकडीवर बसली, ती टेकडी माशाच्या आकाराची म्हणून देवीचं नावच मत्स्योदरी.

आमचा मुद्दा वेगळा आहे. इजिप्तची बास्त कॉमिक्समध्ये गेली तेव्हा तिचं काय बरोबर गेलं आणि काय मागे राहिलं, ते बघा. तिचं बळ गेलं, नखं गेली, लढाई गेली. धान्याची राखण मागे राहिली. टोपली, खुळखुळा, पायाशी बसलेली पिल्लं मागे राहिली. बायांची नाव आणि बायांची थट्टा मागे राहिली. सिनेमात बाया शूर आहेत, राजाचं रक्षण करणारी फौजच बायांची आहे, २०२२ च्या दुसऱ्या सिनेमात तर राजाची बहीण स्वतः ब्लॅक पँथर होते. ते आम्हालाही आवडलं. पण बाळंतिणीच्या उशाशी बसणारी जी देवी होती, ती त्या गोष्टीत नाही.

ही उशाशी बसणारी देवी आपल्याकडे आहे. तिचं नाव सटवाई.

सटवाई म्हणजे षष्ठी, सहावीची देवी. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी आपण पाटा-वरवंटा पुजतो, दिवा रात्रभर तेवत ठेवतो, कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. बाळ झोपेत हसलं की म्हणतो, सटवाई हसवते. हीच षष्ठी बंगालमध्ये मांजरावर बसते! तिथली गोष्ट अशी. एका घरातली धाकटी सून चोरून मासे खायची आणि नाव मांजराचं सांगायची. मांजर षष्ठीचं वाहन. त्याने देवीकडे गाऱ्हाणं नेलं. मग सुनेला मूल झालं की मांजर ते उचलून देवीकडे नेऊन ठेवायचं. शेवटी सुनेने माग काढला, मांजराची माफी मागितली आणि सगळी लेकरं परत मिळाली. इजिप्तमध्ये मांजर, बंगालमध्ये मांजर, दोन्हीकडे लेकरांची राखण. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं आम्ही म्हणत नाही. मांजर आपली पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवते, हे दोन्हीकडच्या बायांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, एवढं मात्र खरं.

आता विचार करा, सटवाईची रात्र नेमकी पाचवी-सहावीच का? बाळ गमावण्याची भीती या दिवसांत मोठी होती. पूर्वी नाळ विळ्याने कापायची, तिला राख नाहीतर शेण लावायचं. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा. तो पहिल्या काही दिवसांतच दिसायचा. बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं, आणि थोड्याच दिवसांत सगळं संपायचं. त्या रात्री दिवा लावून जागणाऱ्या बाया वेड्या नव्हत्या. धोका कधी असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. उपाय त्यांच्या हातात नव्हता.

आज उपाय आहे. गरोदरपणात धनुर्वाताची लस, दवाखान्यात बाळंतपण आणि स्वच्छ पात्याने कापलेली नाळ, यामुळे २०१५ साली भारत नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनापर्यंत पोहोचला. पण पहिला आठवडा आजही नाजूक आहे. जगात पहिल्या महिन्यात जी बाळं दगावतात, त्यातली सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या सात दिवसांत जातात. म्हणून आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. घरी जाऊन नवजात बाळाला जपायची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून उभी केली. त्याचे निष्कर्ष १९९९ साली जगापुढे आले आणि पुढे सरकारने ती पद्धत देशभर नेली.

तेव्हा पाचवी जरूर पुजा, दिवा लावा, जागरण करा. पण जागताना बाळाकडे बघा. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास फार जोरात चालतो, छाती आत ओढली जाते, हातापायाचे तळवे पिवळे दिसतात, नाळेतून पू येतो, झटके येतात, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ किंवा १०२ ला फोन लावा. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून पांघरूण घालून न्या.

आणखी एक. "सटवाईने लिहिलंय, आता काय करणार" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. लेक चौदा-पंधराची झाली, ऊसतोडीला जायच्या आधी तिचं लग्न उरकलं, की तिच्या कपाळाचं नाव पुढे करतो. ते लग्न सटवाईने ठरवलेलं नसतं, ते बैठकीत बसलेल्या माणसांनी ठरवलेलं असतं. आणि बैठकीतल्या माणसांना आपण अडवू शकतो. मुलांसाठीची मदत १०९८ वर मिळते.

आता या महिन्याच्या गटाच्या बैठकीसाठी काम. एक, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सुईणबाईला किंवा आजीला बोलवा आणि सटवाईची गोष्ट तिच्या तोंडून ऐका. पाचवीला तुमच्याकडे काय काय मांडतात, कोणती गाणी म्हणतात, ते गटातल्या लिहिणाऱ्या मुलीने वहीत उतरवावं. गावागावात फरक असेल, तो तसाच ठेवावा. दोन, शाळेतल्या मुलांना सटवाईचं चित्र काढायला सांगा. ब्लॅक पँथर काढता येतो त्यांना सटवाईही काढता येईल. फक्त तिचा दिवा, पाटा-वरवंटा आणि लेखणी चित्रातून सुटू देऊ नका. तीन, गावात सध्या कोण बाळंतीण आहे, आशाताईंची पुढची भेट कधी आहे, याची यादी करा.

वह्या आणि चित्रं आमच्याकडे पाठवा. निवडक गोष्टी पुढच्या कार्यक्रमात त्या त्या आजीच्या आवाजातच ऐकवू. तोवर सगळ्यांना रामराम.