नक्कल, पण अस्सल!

‘ही तर कॉपी आहे!’ चार शब्द, पण भल्याभल्यांचा मूड घालवतात. ब्रॅण्डेड घड्याळाबद्दल कुणी असं म्हटलं तर एकवेळ ठीक. पण ग्रीक-रोमन मूर्तींवरून घडवलेल्या जुन्या ब्रॉन्झबद्दल कुणी असं नाक मुरडलं, की मला राहवत नाही.

माझ्या एका मित्राचंच बघा. लंडनच्या पोस्टिंगवर असताना त्याने अर्धा पगार मोजून हातभर उंचीचा ‘नार्सिसस’ घेतला. तळाशी नेपल्सच्या फाउंड्रीचा शिक्का. घरी आलेल्या एका जाणकाराने वरचं वाक्य टाकलं आणि साहेब लगेच तो विकायला निघाले! म्हटलं, थांब बाबा, आधी त्याची गोष्ट तर ऐक.

मूळ नार्सिसस पॉम्पेईचा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडला गेला, १८६२ साली सापडला, आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्या काळी युरोपभरचे हौशी प्रवासी हे पुतळे बघायला यायचे आणि जाताना ‘असा एक घरी हवा’ म्हणायचे. जेनारो क्युरात्सीने १८७० मध्ये नेपल्सला काढलेली फाउंड्री याच मागणीवर वाढली. कॅटलॉगमधून पुतळा निवडा, साइझ निवडा, रंगसुद्धा निवडा. हिरवट हवा तर ‘पॉम्पेई’, काळपट हवा तर ‘हर्क्युलेनियम’!

पॅरिसमध्ये तर त्याआधीच, १८३८ मध्ये, फर्दिनां बार्बेदियेन आणि आशिल कोलास यांनी भागीदारी केली होती. कोलासच्या यंत्राने मोठ्या पुतळ्याची अगदी त्याच प्रमाणात छोटी प्रतिकृती करता यायची. लूव्रमधली संगमरवरी व्हीनस डी मिलो मग ब्रॉन्झ होऊन मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात आली.

यात लपवाछपवी कुठे आहे? हे लोक आपला शिक्का अभिमानाने मारायचे. जुनं म्हणून खपवलं तर ते बनावट. सांगूनसवरून केलं तर ती परंपरा. आणि ही परंपरा खुद्द रोमन लोकांची! ग्रीकांचे बहुतेक ब्रॉन्झ पुतळे पुढे धातूसाठी वितळवले गेले. मायरनचा थाळीफेक करणारा खेळाडू आठवतोय? त्याचं मूळ ब्रॉन्झ केव्हाच नाहीसं झालं. आपण फोटोत बघतो त्या रोमनांनी केलेल्या संगमरवरी नकला. नक्कल झाली नसती, तर मायरन आपल्याला कळलाच नसता.

आता घेणाऱ्यांसाठी थोडं प्रॅक्टिकल. लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, ब्रॉन्झ नाही. तळाच्या बाजूला, कुठे जुना ओरखडा असेल तिथे बघा: पिवळसर-तांबूस चमक दिसली तर ब्रॉन्झ, राखाडी-चंदेरी दिसली तर बहुधा जस्त. केसांच्या बटा, बोटं, पापण्या बोथट वाटल्या तर सावध! तयार पुतळ्यावरूनच साचा काढून पुन्हा ओतला, की बारकावे पुसट होतात आणि थंड होताना धातू आकसल्यामुळे पुतळा किंचित लहान होतो. अशा नकलेच्या नकलेला पहिल्या नकलेचे पैसे कशाला द्यायचे? आणि हो, घरी आणल्यावर पितांबरीने घासून लख्ख करायचा मोह टाळा. तो हिरवा-काळा थर म्हणजे मळ नव्हे, पुतळ्याचं अर्धं सौंदर्य त्यातच असतं. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, बस्स.

हे सगळं बघायला युरोपलाच जायला हवं असंही नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ब्रॉन्झच्या रोमन वस्तू सापडल्या. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन आहे, जेमतेम वीतभरसुद्धा नाही. त्याची ऐटबाज उभं राहण्याची ढब लिसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या पोसायडनवरून घेतलेली आहे. म्हणजे ही पण कॉपीच! पण दोनेक हजार वर्षांपूर्वी रोमशी चाललेल्या आपल्या व्यापाराचा असा पुरावा दुसरा शोधावा लागेल. पुढच्या वेळी तांबडा-पांढरा रस्सा हाणायला कोल्हापूरला गेलात, की टाउन हॉल म्युझियममध्ये डोकवा. आणि मग सांगा, ‘नुसती कॉपी’ म्हणायची हिंमत होते का!