मागितले नव्हते, म्हणून २५ लाख गेले!

नवा मिक्सर महिन्याभरात जळतो. दुकानदार म्हणतो, "कंपनीकडे जा." कंपनी म्हणते, "दुकानदाराला विचारा." पोटाला चिमटा काढून हप्त्याने वस्तू घेणारी आपली माणसे मग नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. बंधुभगिनींनो, हा नशिबाचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

ग्राहक कायद्यात दोन प्रकारची रक्कम मिळू शकते. पहिली साधी नुकसानभरपाई, म्हणजे आपले जे गेले ते भरून मिळणे. दुसरी दंडात्मक नुकसानभरपाई. फसवणाऱ्याने पुन्हा कोणाला फसवू नये, म्हणून त्याला घडवलेली ही अद्दल होय. हा अधिकार २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आला आणि २०१९ च्या नव्या कायद्याच्या कलम ३९ मध्येही आहे.

मात्र ती आपोआप मिळत नाही. जनरल मोटर्स कंपनीने एका मोटारीची जाहिरात खडतर रस्त्यावर चालणारी गाडी म्हणून केली होती. गुजरातमधील एका ग्राहकाने तक्रार केली. अशीच फसगत इतर ग्राहकांचीही झाली, असे मानून राष्ट्रीय आयोगाने कंपनीवर २५ लाखांची दंडात्मक भरपाई बसवली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण काय? तक्रारीत तशी मागणीच नव्हती, इतरांच्या फसवणुकीचा मुद्दा मांडलेला नव्हता आणि कंपनीला त्यावर उत्तर देण्याची संधीही मिळाली नव्हती.

यातून धडा एकच. तक्रार लिहितानाच सारे लिहा. जाहिरातीत काय सांगितले, हाती काय आले, आणखी कोण फसले, विक्रेत्याला ठाऊक असूनही त्याने काय लपवले, हे पुराव्यासह मांडा. शेवटी नुकसानभरपाई आणि दंडात्मक नुकसानभरपाई, दोन्ही वेगवेगळ्या मागा. देणे न देणे आयोगाच्या हाती, मागणे आपल्या हाती.

पावती, वॉरंटी कार्ड, जाहिरातीचे कात्रण जपून ठेवा. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

दाद मागण्याची सोय नसेल तर हक्क पोकळ ठरतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच १९४८ साली संविधान सभेत त्यांनी दाद मागण्याच्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटले. ग्राहक कायद्याने दादेची वाट दिली आहे. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आज आईवडिलांचा अर्ज लिहायला बसावे. जय भीम!