पैसे पिकाला नव्हे, सात-बाऱ्याला

घोडेगावचा कांदा बाजार असो की पुण्यातल्या सोसायटीचा बाक, एक वाक्य दोन्हीकडे ऐकू येतं: ‘सरकार पेरणीसाठी एकरी पैसे टाकतं. ज्याची जमीन जास्त, त्याची चैन.’ शिकलेली माणसंही हे ठामपणे सांगतात, तेव्हा चीड येते.

दर चार महिन्यांनी खात्यात येणारे 2,000 रुपये ‘पीएम किसान’चे. डिसेंबर 2018 पासून लागू झालेली ही योजना वर्षाला 6,000 रुपये देते. राज्याने त्यात ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे आणखी 6,000 जोडले. त्याचा पहिला हप्ता 26 ऑक्टोबर 2023 रोजी शिर्डीतल्या कार्यक्रमातून सुटला. एकूण 12,000, आणि तेही कुटुंबाला. रान अर्धा एकर असो की पंधरा एकर, आकडा तोच. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं असली तरी हप्ता एकालाच. ऊस लावा, कपाशी लावा, बाजरी पेरा. काय पेरलं हे हप्ता सोडताना कुणी विचारत नाही. मग याला पिकाचं अनुदान कसं म्हणायचं?

चैनीचाही हिशेब करू. 2,000 रुपये घेऊन खताच्या दुकानात गेलं, 1,350 ची डीएपीची एक गोणी आणि 266.50 प्रमाणे युरियाच्या दोन गोण्या घेतल्या, की हातात 117 रुपये उरतात. बियाणं, मजुरी, फवारणी अजून बाकीच.

यातली खरी दुखरी जागा वेगळीच आहे. पैसे जमिनीच्या मालकीवर मिळतात, कसण्यावर नाही. दुसऱ्याचं रान वाट्याने करणारा माणूस रात्रीच्या लाइटवर दारं धरतो, औषध मारतो, निम्मा खर्च सोसतो. हप्ता मात्र सात-बाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात, मग तो मालक नोकरीनिमित्त पिंपरीत राहत असला तरी. वाट्याचा व्यवहार बहुधा तोंडी असतो, कारण 1948 च्या कुळकायद्याची धास्ती अजून गेलेली नाही. लिहून दिलं तर कूळ लागेल, असं मालकाला वाटतं. कागद नाही म्हणून पीक विमाही वाटेकऱ्याच्या नावावर निघत नाही, त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. ‘शेतकऱ्याला मिळतं’ असं सरसकट म्हणताना हा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे नसतो.

मालक आहे म्हणून प्रत्येकाला मिळतं, हेही खरं नाही. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी नोकर, 10,000 किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील यांना केंद्राच्या नियमांनीच वगळलं आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. उसाचे पैसे सरकार देतं? नाही. केंद्र एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवतं, पैसे कारखाना देतो, आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते 14 दिवसांत द्यायचे असतात. खताचं अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात येतं? नाही, दुकानातल्या मशीनवर अंगठा शेतकऱ्याचा, अनुदानाची रक्कम कंपनीला. एक रुपयातला पीक विमा अजून चालू आहे? 2023 च्या खरिपात सुरू झाला, 2025 च्या खरिपापासून बंद. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकरीच भरतो.

पिकालाच पैसे दिल्याचं उदाहरण हवं असेल, तर 2023 चं कांदा अनुदान बघावं. भाव कोसळल्यावर राज्याने लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये दिले, एका शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंत. अर्जासोबत बाजार समितीची विक्रीपट्टी आणि कांद्याची नोंद असलेला सात-बारा मागितला गेला. विक्री 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या दोन महिन्यांतलीच धरली. 1 एप्रिलला विकलेल्या गोणीला त्यातला एक रुपयाही नव्हता.