गोधडीचा हिशोब

आमचं घर दौंडला, रेल्वे लाइनच्या जवळच. त्यामुळे घड्याळाकडे न बघताही आमच्याकडे वेळ कळते. हे रेल्वेत नोकरीला. ड्यूटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. डबा भरायची वेळ म्हणून ठरलेली नाही. त्यात थोरलीचं पुण्याचं रोजचं जाणं-येणं, धाकट्याची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, पाण्याची वेळ, आल्यागेल्याचा चहा. सगळं आवरलं की दुपारी दोन ते चार एवढा वेळ तेवढा माझा असतो. शेजारणी त्या वेळात मालिका बघतात, मी पुढच्या खोलीत सतरंजी पसरून गोधडी शिवायला बसते.

हा नाद सासूबाईंचा. लग्न होऊन आले तेव्हा बी.ए.ची पदवी होती, पण साधा धावदोरा सरळ येत नव्हता. त्यांनी हातात सुई दिली आणि म्हणाल्या, "घाई करू नको, टाका जवळ पाडायचा." जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक नीट अंथरायचे, आधी कच्चे टाके घालून ते पक्के बसवायचे, मग काठापासून आत आत येत शिवत जायचं. चार उन्हाळे गेले तेव्हा कुठे त्या एकदा म्हणाल्या, "आता जमतंय हो."

मैत्रिणींनो, खरं सांगू? गेली दहा वर्षं मी मनात एक छोटंसं दुकान मांडून बसले आहे. दुकान म्हणजे काय, तर आमचीच पुढची खोली. भिंतीला दोन फळ्या, त्यावर घड्या घालून ठेवलेल्या गोधड्या, एका कोपऱ्यात बाळाची दुपटी आणि दारावर छोटीशी पाटी. पाटीवरचं नावसुद्धा ठरलेलं आहे, फक्त अजून कुणाला सांगितलेलं नाही. भाजी निवडताना मी त्या फळ्या मनात भरते आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या की दुकान बंद करते!

तसं माझं थोडंफार विकलंही जायचं. ओळखीच्या बायका सांगायच्या, मी शिवून द्यायचे. एका गोधडीचे आठशे रुपये. हातात आले की फार भारी वाटायचं. घरातल्यांचंही म्हणणं असं, की बाई रमते, चार पैसेही सुटतात, चांगलं आहे. यात वाईट काही नव्हतं. पण "रमते" हा शब्द मला कधी कधी सुईसारखा टोचायचा.

मी बचत गटांचं काम करते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बैठकांना जाते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेला हिशोब, ही पंचसूत्री मी इतक्यांदा सांगितली आहे की झोपेतही म्हणू शकेन. एकदा अशाच बैठकीत हिशोब कसा लिहायचा हे शिकवताना उदाहरण म्हणून माझीच गोधडी घेतली. फळ्यावर लिहिलं: अस्तराचं कापड साडेचारशे, दोरा दीडशे, धुणं, इस्त्री आणि पिशवी मिळून पन्नास. एकूण साडेसहाशे. विक्री आठशे. नफा दीडशे. बायकांनी माना डोलावल्या.

मागे बसलेली एक बाई मात्र गप्प होती. शेतात रोजानं कामाला जाणारी, शाळा दुसरीपर्यंत झालेली. तिनं विचारलं, "ताई, ह्यात तुमचा रोज कुठं मांडलाय?"

मी म्हटलं, "माझा कसला रोज? मी तर घरातच शिवते."

"घरात शिवलं म्हून काय झालं? मी खुरपायला गेले तर आठ तासांचं तीनशे वीस घेते. तुम्हाला किती दिस लागत्यात एका गोधडीला?"

तीन आठवडे. रोजचे दोन तास धरले तर बेचाळीस तास. तिच्या रोजानं तासाचे चाळीस धरले, तर नुसती मजुरीच सोळाशे ऐंशी रुपये होते. साहित्याचे साडेसहाशे मिळवले की दोन हजार तीनशे तीस. आणि मी विकत होते आठशेला. म्हणजे माझ्या हाती तासाला साडेतीन रुपये पडत होते. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. पण परत येताना जीपमध्ये मला काही केल्या बोलवेना. दुसऱ्यांना हिशोब शिकवणारी मी, स्वतःचे तास मी कुठल्याच वहीत लिहिले नव्हते.

हे माझ्या एकटीचं नाही. पापड, कुरडया, रुखवताच्या वस्तू, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, आपण कितीतरी करतो. किंमत सांगताना साहित्याचा खर्च धरतो आणि वर पाच-पन्नास लाजत लाजत घालतो. हात आपलेच म्हणून फुकट, वेळ आपलाच म्हणून फुकट. मग दोन वर्षांनी दमून म्हणतो, "धंद्यात काही राम नाही."

ज्यांचं स्वप्न उभं राहिलं, त्यांनी काय केलं ते बघा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात जणी गच्चीवर जमल्या. ऐंशी रुपये उसने घेतले आणि पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्याच आजच्या लिज्जतच्या. लाटणारी प्रत्येक बहीण तिथं मालकीण असते आणि लाटल्याचे पैसे तिला मिळतात. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं आधी नकार दिला, कारण कागदांवर अंगठे होते. बायका खचल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या. पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी विचारा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय करतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. मला राहून राहून वाटतं, आमच्या गटातली ती बाई त्याच बायकांची बहीण शोभली असती.

आता माझं काय झालं ते सांगते. पुण्याच्या जाऊबाईंनी लग्नातल्या अहेरासाठी तीन गोधड्या सांगितल्या होत्या. दोन दिवस धीर गोळा केला आणि फोन केला. "वहिनी, आता एकीचे तेवीसशे होतील." पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "अगं, घरच्याच माणसाकडून एवढे?" मी हिशोब सांगायला लागले तर माझाच आवाज कापायला लागला. शेवटी त्यांनी एकच गोधडी घेतली. पैसे पूर्ण दिले, पण बोलण्यातला गोडवा थोडा आटला. संध्याकाळी मी हिरमुसून बसलेली पाहून हे म्हणाले, "कशाला वाईटपणा घ्यायचा? आपल्याला काय कमी आहे?" तेव्हा कॉटवरून सासूबाई बोलल्या, "मी शंभरावर गोधड्या दिल्या असतील. त्यातली कोण पांघरतंय, कुणी पायपुसणं केलं, मला ठाऊक नाही. फुकटचं कुणी जपत नाही रे." ह्यांनी काही उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी रात्रपाळीहून आल्यावर चहा त्यांनीच ठेवला आणि मला म्हणाले, "तू तुझं ते पूर्ण कर."

तेवीसशेची गोधडी दौंडमध्ये रोज कोण घेणार, हाही प्रश्न आहेच. म्हणून मी आता बाळाची गोधडी शिवते. दहा तासांत होते, मजुरी धरून सहाशेला परवडते आणि बारशासाठी मागणीही असते. मोठी गोधडी आगाऊ पैसे घेतल्याशिवाय सुरू करत नाही. खरी अडचण आहे ती सुती लुगड्यांची. हल्लीच्या सिंथेटिक साड्यांत सुई सरळ चालत नाही आणि ती ऊबही येत नाही. त्यामुळे पूर्वी जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पातेली घ्यायचे, आता तिच्याकडूनच सुती साड्या विकत घेते! तिनं तर भाव सांगायला जराही लाज धरली नाही. तिच्याकडूनही शिकावं.

तुमच्यापैकी कुणी असं काही करणार असाल, तर चार गोष्टी सांगते. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत असते, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय असतं, पण आधी गटातून छोटं कर्ज घेऊन फेडून बघा. विक्रीसाठी डिसेंबरात पुण्यात भरणारी भीमथडी जत्रा निदान एकदा नुसती बघून या. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या या जत्रेत गावोगावच्या गटांच्या बायका माल मांडतात. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ, म्हणजे आपणच की! आणि चौथी गोष्ट सगळ्यात आधी करायची: एक वही घाला. साहित्य एका बाजूला लिहा आणि दुसऱ्या बाजूला तास. एखादी वस्तू बहिणीला, भाचीला प्रेमानं फुकट द्यायची असेल तर जरूर द्या, पण तेही वहीत लिहा. किती दिलं ते आपल्याला तरी कळू दे.

आमच्या दारावर पाटी अजून लागलेली नाही. पुढच्या खोलीत एकच फळी बसली आहे आणि तिच्यावर बाळाच्या चार गोधड्या आहेत. पाटीचं नाव मात्र परवा घरात सांगितलं. धाकटा म्हणाला, "आई, अक्षर मी काढणार."