सॉफ्टवेअरचे मराठीकरण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फायरफॉक्स, लिबरऑफिस, वर्डप्रेस ही मुक्त सॉफ्टवेअर मराठीत वापरता येतात. यामागे स्वयंसेवकांची मोठी मेहनत आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यातून या कामात उतरू पाहणाऱ्यांना काही गैरसमज मागे खेचतात. ते दूर व्हायला हवेत.

गैरसमज: प्रोग्रामिंग आल्याशिवाय हे काम जमत नाही.
वस्तुस्थिती: पडद्यावर दिसणारी वाक्ये कोडपासून वेगळी काढून ठेवलेली असतात. फायरफॉक्ससाठी ‘पॉन्टून’ आणि लिबरऑफिससाठी ‘वेबलेट’ ही साधने ब्राउझरमध्येच उघडतात. तिथे इंग्रजी वाक्य दिसते आणि मराठीसाठी रिकामी चौकट असते. ‘एक फाइल हटवली’, ‘पाच फायली हटवल्या’ अशा एकवचन-अनेकवचनासाठी दोन चौकटी मिळतात. संख्येच्या जागी असलेली खूण तेवढी जशीच्या तशी ठेवायची.

गैरसमज: आता यंत्रच भाषांतर करते, माणसांची गरज उरली नाही.
वस्तुस्थिती: मेनूत ‘ओपन’ एवढा एकच शब्द येतो. तो बटणावर असेल तर ‘उघडा’, स्थिती सांगत असेल तर ‘उघडे आहे’. सुटा शब्द पाहून यंत्र अंदाज बांधते. तो बरोबर आहे की नाही, हे सॉफ्टवेअर वापरणारा माणूसच सांगू शकतो.

गैरसमज: जितके भाषांतरकार जास्त, तितके काम लवकर होते.
वस्तुस्थिती: नवख्याचे भाषांतर आधी सूचना म्हणून जमा होते आणि अनुभवी सदस्याने मंजूर केल्यावरच पुढे जाते. वर्डप्रेसच्या एखाद्या प्लगइनचा मराठी पॅक पहिल्यांदा तयार होण्यासाठी 90 टक्के वाक्ये मंजूर व्हावी लागतात. तपासणारे नसतील, तर शंभर जणांची मेहनत रांगेत पडून राहते. शिवाय एकाने ‘जतन करा’ आणि दुसऱ्याने ‘साठवा’ लिहिले, तर वापरणारा गोंधळतो. म्हणून समन्वयकाने आधी सामायिक शब्दसूची ठरवावी, तपासणी वाटून द्यावी आणि भाषांतर नाकारले तर कारण लिहावे. कारण न कळलेला नवखा सहसा परत येत नाही.

गैरसमज: एकदा मराठी केले की काम संपले.
वस्तुस्थिती: फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते आणि तिच्यासोबत नवी वाक्येही येतात. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. समजा, एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ‘उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका निवडा’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य होते. त्यातले नाव बदलले की ‘गेटटेक्स्ट’ या भाषांतराच्या पद्धतीत जुन्या मराठी वाक्यावर ‘पुन्हा तपासा’ अशी खूण लागते. कोणी ते तपासेपर्यंत भूम-परंड्याच्या माणसाला तिथे इंग्रजी वाक्यच दिसते.

गैरसमज: हे पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांचे काम आहे.
वस्तुस्थिती: पुण्यात सी-डॅक आणि रेड हॅटमधील मंडळींनी सुरुवातीच्या काळात मोठे काम केले, हे खरेच. पण आज खाते उघडायला शहर लागत नाही. कळंब किंवा उमरग्याच्या महाविद्यालयातील चार-पाच विद्यार्थी आणि मराठीचे एक प्राध्यापक मिळून एका सॉफ्टवेअरची जबाबदारी घेऊ शकतात.

तेव्हा आपण रोज वापरतो असे एकच सॉफ्टवेअर निवडा. पहिल्या आठवड्यात हजार वाक्ये करून थांबण्यापेक्षा वर्षभर नियमाने दुसऱ्यांचे काम तपासा. मराठीला आज त्याचीच जास्त गरज आहे.