राजकारण येतं, कारभार शिकायचा

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत निवडणुकीचा हंगाम असा नसतोच. ती बारमाही बागायत आहे. विकास सोसायटी, बाजार समिती, दूध संघ, माळेगाव, सोमेश्वर नाहीतर भवानीनगरचा छत्रपती कारखाना, मग ग्रामपंचायत. कोणत्या गटात कुणाची मतं फुटली हे पारावर बसलेला माणूस तोंडपाठ सांगतो. त्याच माणसाला विचारा, की गल्लीतला दिव्याचा खांब कुणाचा आणि त्याच्या विजेचं बिल कोण भरतं. तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘‘साहेबांच्या माणसाला फोन लावू की.’’

फोन लावल्यानं काम होतंही, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण फोन ज्याच्याकडे आहे त्याचंच काम होतं, आणि का झालं हे कुणालाच कळत नाही. नव्या सरपंच-सदस्यांसाठी घेतला जाणारा दोन-तीन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग नेमका या जागी उभा असतो. निवडून कसं यायचं हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. निवडून आल्यावर खुर्चीत बसून करायचं काय, ते मात्र शिकावं लागतं.

राज्यात या प्रशिक्षणाचं मूळ घर म्हणजे पुण्याची यशदा. 1963 मध्ये मुंबईत प्रशासकीय प्रशिक्षणासाठी सुरू झालेली ही संस्था 1984 मध्ये पुण्याला आली आणि 1990 मध्ये तिला यशवंतराव चव्हाणांचं नाव मिळालं. 2018 च्या राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानानं निवडून आल्यापासून सहा महिन्यांत पायाभूत प्रशिक्षण आणि दोन वर्षांत उजळणी, असं वेळापत्रक घालून दिलं. यशदा प्रवीण प्रशिक्षक तयार करते. तालुक्याच्या पातळीवर शिकवण्याचा भार त्यांच्या खांद्यावर असतो. क्रांतिज्योती या नावानं महिला सदस्यांसाठी वेगळे वर्गही झाले.

वर्गाचं बाह्य रूप फारसं आकर्षक नसतं. हजेरीपट, पुस्तिका, चहा-नाश्ता, दीपप्रज्वलन, लांबलेली भाषणं. पुस्तिकेच्या पहिल्या भागात बहुधा 73 वी घटनादुरुस्ती असते आणि तिथेच अर्ध्या वर्गाचे डोळे जड होतात. जाणता प्रशिक्षक घटनेपासून सुरुवात करत नाही, कचेऱ्यांपासून करतो. सातबारा तलाठ्याकडे, तर गावठाणातल्या घराचा नमुना 8 ग्रामपंचायतीत. तलाठ्याचा वरिष्ठ तहसीलदार, ग्रामसेवकाचा गटविकास अधिकारी. रेशनची तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत, शाळेची जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात. खांब महावितरणचा, दिव्याचं बिल ग्रामपंचायतीचं. आणि पाटाचं आवर्तन? ते जलसंपदा खात्याकडे, कालवा सल्लागार समितीत ठरणारं. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला असलेल्या इंदापूरच्या गावांत निवडणुका पाण्यावरच लढल्या जातात. सरपंचाच्या हातात मात्र त्या पाण्याची चावी नसते. ठराव करून पाठवणं एवढंच त्याला शक्य असतं. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. मला तो हिरमोड उपयोगाचा वाटतो.

वर्ग खरा रंगतो तो ग्रामसभेवर. कोरम किती, तर गावातल्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तो. इथपर्यंत सगळे लिहून घेतात. पुढचं वाक्य ऐकून पेनं थांबतात: कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही, फक्त विषय जुनेच हवेत. म्हणजे आज लोक न येणं हे उद्या कुणाच्या तरी सोयीचं असू शकतं. कारखान्याची वार्षिक सभा पाहिलेल्या सभासदाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यानं ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय पुढे सरकलेले पाहिलेले असतात. इथे सहकारातला अनुभव कामाला येतो. अजेंडा, सूचक, अनुमोदक, प्रोसिडिंग बुक हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतातच. प्रोसिडिंगमध्ये जे लिहिलं तेच घडलं, बाकी सगळी चर्चा वाऱ्यावर, हे मात्र त्याला नव्यानं उमगतं. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हेही अनेकांना इथेच पहिल्यांदा कळतं.

पैशाचा तास तसा रुक्ष, पण टाळता न येणारा. 15 व्या वित्त आयोगानं निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. पेव्हर ब्लॉकची हौस उरलेल्यात भागवायची. पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीनं होतं. त्या सहीचं डोंगल बऱ्याचदा संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये राहतं. एखादी सरपंच वर्गातून परतून डोंगल आपल्या पर्समध्ये ठेवते, एवढं झालं तरी त्या दिवसाचा चहा-नाश्त्याचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

बायकांना कारभार झेपेल का, हा प्रश्न निदान बारामती तालुक्यात तरी कुणी विचारू नये. नीरेकाठच्या निंबुतमध्ये 1963 ते 1968 या काळात सगळ्या सदस्य स्त्रियाच असलेली पंचायत होती. कमलाबाई काकडे तिच्या सरपंच. राज्यात पंचायत राज 1 मे 1962 ला सुरू झालं होतं, म्हणजे ही पंचायत अगदी त्याच्या उंबरठ्यावरची. 73 वी दुरुस्ती अमलात यायला (24 एप्रिल 1993) तेव्हा 30 वर्षं बाकी होती, आणि राज्यात 50 टक्के आरक्षण व्हायला (2011) त्याहून बरीच जास्त. असं असून आजही काही वर्गांच्या दाराबाहेर नवरे, दीर, पुतणे मोटारसायकलींवर बसून राहतात, आणि ‘आत काय सांगितलं’ हे ऐकून पुढचा निर्णय घरी घेतात. खरं तर एक तास या मंडळींसाठीच ठेवायला हवा.

अभ्यासक्रमात खोट आहे ती वेगळीच. सगळा रोख सरपंचाची चूक होऊ नये यावर: कोणत्या नमुन्यात काय भरायचं, अपात्रता कशानं येते. मतदारानं कसा आणि कुणाला प्रश्न विचारायचा, याचा वर्ग कुणीच घेत नाही. शिवाय कायदा पायाखालून सरकत असतो. थेट सरपंच निवड 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. पुणे जिल्हा परिषद आणि तिच्या पंचायत समित्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. तक्त्यावर ‘सभापती’ असा चौकोन काढून प्रशिक्षक त्याचे अधिकार समजावत असताना बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी ती खुर्ची रिकामी होती.

सरपंचपदाचं आरक्षण फिरतं. पाच वर्षांत जी बाई नमुने, ठराव आणि आराखडा शिकली, तिच्या गावची जागा पुढच्या खेपेला दुसऱ्याच प्रवर्गाला जाते आणि नव्या सरपंचासाठी वर्ग पुन्हा पहिल्या पानापासून. ती मात्र गावातच असते, आता मतदार म्हणून. ग्रामसभेत पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा. तो नुसता ‘वाचलं असं समजू’ म्हणून पुढे ढकलायला निघाल्यावर ‘‘समजू नका, वाचा’’ असं म्हणणारी जी कुणी उठते, ती बहुधा माजी सदस्य असते.