दुपटं असू द्या, पण पाय मोकळे ठेवा

बाळंतीण घरी आली की दोन-चार दिवसांतच दुपट्यावरून दोन मतं पडतात. आजी सांगते, ‘बाळाला घट्ट बांधून ठेव, दचकणार नाही आणि पायही सरळ होतील.’ मोबाइलवर वाचलेली आई म्हणते, ‘बांधायचंच नाही, धोक्याचं असतं.’ दोघींचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकतं आहे. जिथे चुकतं, तिथे बाळाच्या खुब्याचा आणि क्वचित जिवाचाही प्रश्न असतो, म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आधी दचकण्याबद्दल. बाळ झोपेत दचकलं की घाबरलं, नजर लागली, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. खरं तर ही जन्मतः असलेली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर तिला ‘मोरो रिफ्लेक्स’ म्हणतात. भांडं पडलं किंवा मांडीवरून गादीवर ठेवताना मान जराशी मागे गेली, की बाळाचे दोन्ही हात फाकतात, बोटं उघडतात आणि मिठी मारावी तसे हात पुन्हा छातीशी येतात. बहुतेक वेळा पाठोपाठ रडणंही येतं. मज्जासंस्था ठीक असल्याची ही खूण आहे. दचकणं दिसलंच नाही किंवा एकच हात हलला, तर डॉक्टर जास्त बारकाईने तपासतात. चार ते सहा महिन्यांत ते आपोआप जातं. पण तोवर या झटक्यानेच बाळाची झोपमोड होते. नवजात बाळाची निम्मी झोप तर अशी सावधच असते, डोळे पापण्यांआड फिरत असतात, ओठ हलत असतात. दुपट्याने हात अंगाशी राहिले की झटका कमी बसतो आणि बाळ जास्त वेळ झोपतं. इथे आजीचा अनुभव बरोबर आहे.

आता पायांकडे येऊ, कारण सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज तिथेच आहे: ‘पाय ओढून सरळ बांधले नाहीत तर फेंगडे राहतात.’ पोटात बाळ नऊ महिने मांड्या पोटाशी घेऊन बसलेलं असतं. त्यामुळे जन्मल्यावर पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसणारच. साधारण दीड-दोन वर्षांत ते आपले आपण सरळ होतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे उलट एकमेकांना घासताना दिसतात, आणि सहा-सात वर्षांपर्यंत तेही बहुधा नीट होतं. यात बांधण्याचा काडीचाही वाटा नाही. दोन वर्षांनंतरही वाक वाढत असेल, तर ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा मुडदूस आहे का, हे पाहावं लागतं. त्यासाठीच बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला डॉक्टर सांगतात.

बांधून पाय सरळ होत नाहीतच, वर खुबा बिघडू शकतो. जन्माच्या वेळी खुब्याची वाटी उथळ आणि बरीचशी कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत नीट बसलेला राहिला, तरच ती पुढे खोल आणि घट्ट होत जाते. मांड्या दुमडलेल्या आणि बाजूला फाकलेल्या असल्या की गोळा जागेवर राहतो. पाय सरळ ताणून एकमेकांना चिकटवून बांधले, की तो बाहेर सरकू पाहतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय असे ताणून न बांधण्याची मोहीम घेतली गेली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. निखळलेल्या खुब्यावर पहिल्या सहा महिन्यांत जो उपचार करतात, तो पाव्हलिक नावाचा पट्टाही मांड्या दुमडून आणि फाकवूनच धरतो. म्हणजे घट्ट बांधण्याच्या बरोबर उलट! आपल्याकडे मान धरल्यावर मूल कडेवर घेतात, तेव्हा त्याच्या मांड्या नेमक्या याच स्थितीत असतात. ही सवय फार चांगली आहे, ती सोडू नये.

‘गुंडाळलेलं बाळ रात्रभर झोपलं पाहिजे’ ही अपेक्षाही चुकीची आहे. सुरुवातीला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पाजावं लागतं. भुकेचं बाळ रडण्याच्या आधी मुठी तोंडाकडे नेतं. हात आत असले तर ती खूणच दिसत नाही. म्हणून पाजताना दुपटं सोडावं आणि पहिल्या दिवसांत बाळ फार वेळ झोपून राहिलं तर उठवून पाजावं.

झोपवायचं कसं, यात तडजोड नको. ‘उताणं झोपवलं तर दूध श्वासात जातं’ म्हणून बाळाला कुशीवर किंवा पालथं ठेवलं जातं. निरोगी बाळ उताणंही ओकारी बाहेर टाकतं किंवा गिळतं. गुंडाळलेलं बाळ पालथं झोपलं तर अचानक मृत्यूचा धोका कितीतरी वाढतो. कुशीवरचं बाळ पालथं कलंडू शकतं, म्हणून तेही टाळावं. बाळ पालथं पडायचा प्रयत्न करू लागलं की दुपट्यात बांधणं त्याच दिवशी बंद. बहुतेकांचं हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होतं, काहींचं आधीच. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीही झोपेच्या वेळी नको. हल्ली मिळणाऱ्या वजनदार गुंडाळण्यांना अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट नकार दिला आहे.

उकाड्याचंही भान हवं. मे महिन्यात झबलं, टोपडं, दुपटं आणि वर गोधडी, हे फार होतं. हातपाय गार लागले म्हणून थर चढवू नका; नवजात बाळाचे ते गारच असतात. पोट किंवा मानेचा मागचा भाग चाचपून पाहा. तिथे घाम असेल तर एक कपडा काढा. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला ऊब जपावी लागते आणि आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरण्याइतकी चांगली ऊब दुपटं देत नाही.

गुंडाळायचं असेल तर वापरून मऊ झालेलं सुती दुपटं घ्या, जुन्या लुगड्याचं सगळ्यात उत्तम. चौकोन तिरका पसरा, वरचं टोक आत दुमडा आणि घडीच्या रेषेवर बाळाचे खांदे येऊ द्या. एक बाजू छातीवरून पाठीखाली, मग दुसरी. छाती आणि कापड यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. खालचं टोक ओढू नका, सैल पिशवीसारखं राहू द्या. आत बाळाला बेडकासारखे पाय पोटाशी घेता आले, की जमलं. कापड तोंडावर येत नाही ना, तेवढं पाहा.

बाळ पायाळू असेल, घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल किंवा लंगोट बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडत असेल, तर दीड महिन्याच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना खुबे तपासायला आवर्जून सांगा. मुलींमध्ये हा दोष जास्त आढळतो. वेळेत कळला तर बहुतेकदा पट्ट्यावर भागतं, चालायला लागल्यावर कळला तर अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.